दार चाळीचं, दंड अण्णांचा

आमच्या घरात पहिला फ्रिज आला तो ठराव मंजूर होऊन. आई सूचक, मी अनुमोदक आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, अध्यक्ष. खोली दहा बाय बाराची, सभासद एकूण तीन, त्यातली मी नववीत. तरी अण्णांनी गंभीर चेहरा करून विचारलं, "कोणाची हरकत?" हरकत कोणाची असणार? मे महिना होता आणि दूध रोज नासत होतं. "ठराव सर्वानुमते मंजूर," असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा आई म्हणाली, "आता चपला घालायला पण ठराव मांडू का?"

अण्णा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. पण त्यांचा खरा पेशा सभा चालवण्याचा. परळच्या आमच्या चाळीच्या कमिटीचे ते मला आठवतं तेव्हापासून अध्यक्ष आहेत. इतर चाळींत भांडण झालं की लोक एकमेकांना शिव्या देतात. आमच्याकडे शिव्या देऊन झाल्यावर सभा भरते. नळाची वेळ, जिन्यातला दिवा, गच्चीवर कोणी कुठल्या दिवशी पापड घालायचे, सगळ्याला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. घटना कपाटात ठेवायची वस्तू नाही, ती आधी नळावर वापरून बघावी, असं अण्णांचं मत. नळावर ती फारशी टिकत नाही, हे त्यांना मान्य नाही.

चाळीच्या तळमजल्यावर आमचं विहार आहे. एक लांबट हॉल, पुढे वंदनेची जागा, एका बाजूच्या भिंतीला दार आणि समोरच्या भिंतीला बोळात उघडणारी एक मोठी गजांची खिडकी. तिथे लागणाऱ्या प्रत्येक लग्नात वधूवरांच्या प्रतिज्ञा अण्णा वाचतात. ते एक ओळ म्हणणार, जोडप्याने ती मागून म्हणायची. पण प्रतिज्ञेआधी त्यांची एक खोड आहे. ते आधी नवऱ्यामुलाला आणि मग नवरीला विचारतात, "तुझी मनापासून संमती आहे ना?" आणि थांबतात. नुसते थांबत नाहीत, उत्तर खरोखरच काहीही येऊ शकतं अशा चेहऱ्याने थांबतात. तेवढ्यात दोन्हीकडच्या आयांना घाम फुटतो. माझ्या लग्नात त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मी "हो" म्हणाले, तर सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "घाई नको. विचार करून सांग." माझे सासरे हे वाक्य अजून विसरलेले नाहीत.

मला एकच मुलगी. मी नोकरीवर जायची म्हणून ती लहानपणी आजी-आजोबांकडेच वाढली, आणि तिच्या बारशापासून अण्णा सांगत आले, "हिच्या लग्नात माझा आवाज गेला तरी प्रतिज्ञा मीच वाचणार." तिचं लग्न ठरलं आणि लॉकडाऊनमुळे पुढे-पुढे ढकलत शेवटी दोन हजार एकवीसच्या डिसेंबरवर आलं. विहारातच करायचं, यावर घरात ठरावही झाला.

आणि त्याच वर्षी अण्णांनी लस घ्यायला नकार दिला.

साठीच्या वरच्यांची पाळी आली तेव्हा आई ठेवणीतली साडी नेसून गेली आणि दंडावरचा कापसाचा बोळा गॅलरीभर दाखवत परत आली. अण्णा म्हणाले, "मी घेणार नाही."

"का?"

"मला कोणी विचारलेलं नाही."

"मग काय, घरी पत्रिका आणून देतील? सहकुटुंब सहपरिवार या म्हणून?" आईने विचारलं. अण्णा पेपर वाचू लागले. आम्हाला वाटलं, आठवडाभरात उतरेल. आमच्या घरात हट्ट चढतो तसा उतरतोही. हा उतरला नाही.

मी शीवला राहते. रोज संध्याकाळी फोन करून भांडायचे. सरकार तेव्हा सांगत होतं की लस ऐच्छिक आहे. फक्त ती घेतली नाही तर पुढे ट्रेनचा पास नाही, मॉल नाही, ऑफिस नाही. आई "तुला वाटेल ते कर" म्हणते तेव्हा जितकं ऐच्छिक असतं, तितकंच. पण मला त्यात काही खटकत नव्हतं. मी तर पहिल्या फटक्यात दंड पुढे केला होता.

"तू का घेतलीस?" अण्णांनी एकदा फोनवर विचारलं.

"ऑफिसने सांगितलं, नाही घेतली तर येऊ नका."

"म्हणजे तू ठरवलं नाहीस."

"अण्णा, मी ठरवलंच असतं हो!"

"असतं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशी भात करपला.

मग दुसरी लाट आली. दोन दारं सोडून राहणारे अण्णांचे कॅरमचे जोडीदार गेले. चार पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. ते हात हलवून "परत येतो रे" म्हणाले, आणि आले नाहीत. कॅरम बोर्ड तेव्हापासून गॅलरीच्या भिंतीला टेकून उभा होता, त्याला कोणी हात लावत नव्हतं. मी रात्री अंथरुणावर पडले की मला तो जिना दिसायचा आणि खुर्चीत अण्णा दिसायचे. व्यक्तिस्वातंत्र्य, घटना, कलमं, सगळं मला शाळेपासून पाठ आहे, त्यांनीच करून घेतलंय. पण त्या दिवसांत मला स्वातंत्र्य नको होतं. मला बाप हवा होता. हे मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मलाही जगायचंय, बाळ," आणि तरी गेले नाहीत.

बरं, माणूस बेफिकीर असता तर चार शब्द सुनावता आले असते. तेही नाही. ते घरातसुद्धा मास्क काढायचे नाहीत. आई टोचून आली तशी ते अंथरूण घेऊन पोटमाळ्यावर गेले. का, तर "माझ्या निर्णयाचा त्रास हिला कशाला?" पंचाहत्तरीचा माणूस शिडी चढून वर झोपतो आणि खाली बायको ओरडतेय, "पडाल! लशीवाचून नाही, शिडीवरून जाल!" असा संसार चालला होता. तुमच्यामुळे दुसऱ्याला धोका, हा माझा मुद्दा मांडायला गेले की ते म्हणायचे, "बरोबर आहे तुझं. म्हणून तर लांब बसतो." मान्य करणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं?

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना मात्र अण्णांचं फार कौतुक वाटलं. या गृहस्थांचं म्हणणं असं की लस घेतली की दंडाला लोखंड चिकटतं. ते खिशात स्टीलचा चमचा घेऊनच फिरायचे. अण्णांकडे येऊन म्हणाले, "अध्यक्ष, आपण दोघंच या चाळीत शहाणे." अण्णांनी त्यांना आईच्या दंडावर चमचा लावून बघायला सांगितलं. चमचा पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा आईनेच उचलला आणि स्वयंपाकघरात ठेवून दिला. "लस चांगलीच आहे," अण्णा त्यांना म्हणाले. "तुमचं-माझं एक नाही. तुम्ही विज्ञानाला नाही म्हणता." गृहस्थ गोंधळून गेले. मीही गोंधळले. चमचा अजून आईकडे आहे.

लाट ओसरली आणि विहार उघडायचं ठरलं. चाळीच्या अंगणात मोकळ्यावर सभा भरली. कमिटीतल्या तरुण पोरांनी ठराव आणला: दोन्ही डोस घेतलेल्यांनाच विहारात आणि कमिटीच्या खोलीत प्रवेश. सगळ्यांचे डोळे अण्णांकडे. सभा कशी गुंडाळायची हे अण्णांइतकं कोणाला येत नाही, आणि पोरांना वाटलं होतं की ते मुद्दा पुढच्या सभेवर ढकलतील. अण्णांनी शांतपणे विचारलं, "सूचक कोण? अनुमोदक?" मग मत घेतलं. बाजूने सगळी चाळ. "विरोधात?" असं म्हणून त्यांनी स्वतःचाच हात वर केला, तो मोजला, खाली घेतला. चमचेवाल्या गृहस्थांचा हात थोडा उशिरा वर आला, तोही मोजला. "ठराव बहुमताने मंजूर. आजपासून अंमल."

आई मला फोनवर म्हणाली, "स्वतःच्या तोंडाने स्वतःला बाहेर काढणारा अध्यक्ष बघितलायस कधी? ये, बघून जा."

पुढच्या पौर्णिमेला मी खरंच बघायला गेले. विहाराच्या खिडकीबाहेर, बोळात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा पांढऱ्या शर्टात बसले होते आणि गजांतून वंदना सांगत होते. मध्येच कोणी पाण्याची बादली घेऊन आलं की पाय आवरून वाट द्यायचे. त्याच दिवशी चमचेवाल्या गृहस्थांनी आत जाऊ द्या म्हणून दारात वाद घातला. त्यांच्या आईचा स्मृतिदिन होता. अण्णांनी बोळातूनच सांगितलं, "नियम झालाय. माझ्याशेजारी बसा." मग दोघं शेजारी-शेजारी बसले, दोन खुर्च्यांचं अंतर ठेवून. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मला फक्त डिसेंबर दिसत होता. हा माणूस नातीच्या लग्नात असाच बादल्यांमध्ये बसणार.

म्हणून आम्ही घरी आघाडी उघडली. आईने घरातच ठराव मांडला, "यांना लस टोचावी." मी अनुमोदन दिलं. दोन विरुद्ध एक. अण्णा म्हणाले, "ठराव नियमबाह्य. अध्यक्ष तो दाखल करून घेत नाहीत."

"चाळीचा कसा घेतला मग?" आई उसळली.

"चाळीचा ठराव दारावर होता. हा दंडावर आहे. दार चाळीचं, दंड माझा."

आईने हातातला झारा असा आपटला की शेजारच्यांनी डोकावून बघितलं. "आणि पोर? पोर कोणाची?" ती म्हणाली. अण्णा गॅलरीत जाऊन कॅरम बोर्डाजवळ उभे राहिले.

मग मी शेवटचा उपाय केला. परळला एका शाळेत लसीकरण चालू होतं. अण्णांना म्हटलं, डोळे तपासायचं शिबिर आहे, चला. ते चष्मा पुसत आनंदाने निघाले. रांगेत पाचेक मिनिटं उभे राहिल्यावर पुढच्या माणसाने बाही वर सरकवली, त्याच्या पुढच्यानेही. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "इथे डोळे दंडात तपासतात वाटतं."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला घेऊन समोरच्या टपरीवर गेले, दोन कटिंग सांगितले आणि डावी बाही स्वतःच वर केली. दंडावर देवीच्या लशीचे दोन जुने व्रण. ते मी लहानपणापासून बघत आले होते. त्यांच्या वयाच्या सगळ्यांनाच असतात, त्यात विचारण्यासारखं काय, म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"मी आठ-नऊ वर्षांचा असेन," ते म्हणाले. "सकाळी टोचणारे आले, बरोबर शिपाई. चाळीत ओरडा झाला, टोचणारे आले, टोचणारे आले. पोरं पोटमाळ्यावर लपली. मीही. दार वाजवलंच नाही कोणी, लोटलं. शिपायाने माझा पाय धरून खाली ओढला आणि दोघांनी दाबून धरला. तुझी आजी तेव्हा गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर भांडी घासायची. त्याच दिवशी तिथेही टोचणारे गेले. तिथे डॉक्टरने बेल वाजवली. बाहेर उभा राहिला. बाईसाहेबांना विचारलं, आज टोचू की मुलाला सर्दी आहे तर उद्या येऊ? तुझ्या आजीने त्या डॉक्टरला चहा दिला. संध्याकाळी घरी येऊन ती मला म्हणाली, लस एकच होती रे."

चहा आला. अण्णांनी माझ्यापुढे ग्लास सरकवला. "देवी गेल्या. टोचलं म्हणूनच गेल्या. ते मी कधी नाकारलं? लशीला माझं 'नाही' नाही. पण आमच्याकडे दार वाजवत नाहीत, लोटतात. तेव्हा शिपायाने लोटलं. आता पाससाठी, पगारासाठी लोटतात. आज तू लोटलंस."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वाईट यासाठी की ते खरं होतं. राग यासाठी, की सत्तर वर्षांपूर्वीच्या शिपायाचा हिशेब माझ्या पोरीच्या लग्नात का चुकता व्हावा? मी चहा तसाच टाकून उठले. घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं, म्हणजे आदळआपट करत सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हं." लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर बोलते म्हणून घरी बोलायची तिला सवय नाही.

रविवारी आम्ही चाळीत गेलो. चाळीतलं दार दिवसभर उघडंच असतं, येणारा माणूस चप्पल काढता-काढता बोलायला लागतो आणि बोलता-बोलता आत येतो. माझी मुलगी उंबऱ्याबाहेर थांबली आणि उघडं दार तिने वाजवलं. आई ओट्यावरून ओरडली, "कोण गं? पोस्टमन?" अण्णांनी पेपर खाली घेतला.

"आजोबा, आत येऊ?"

"ये," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा होता.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "आजोबा, तुम्ही लस घ्याल का? मला वाटतं घ्यावी. मला भीती वाटते म्हणून. पण नाही म्हणालात तरी प्रतिज्ञा तुम्हीच वाचायच्या, खिडकीतून. दुसरं कोणी नको मला. आणि मी परत विचारणार नाही."

अण्णांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

"सांगा," ती म्हणाली आणि आजीकडे जाऊन घावनं खायला बसली. जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, नाही म्हणालात तरी चालेल, असं कशाला सांगितलंस? आयती सुटका दिलीस!"

"मम्मी, 'नाही' चालणार नसेल तर ते विचारणं कुठे झालं? ते आपलं हळू आवाजात ओरडणं झालं."

ही मुलगी कोणाच्या हाताखाली वाढली ते त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं, आणि त्यात माझा वाटा फारसा नव्हता.

अण्णांनी विचार करायला चांगले दहा-बारा दिवस घेतले. या काळात आई त्यांच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होती. मग एका संध्याकाळी फोन आला. "उद्या सकाळी ये. टोचायला जायचंय. डोळे नाही तपासायचे."

त्याच शाळेत, त्याच रांगेत उभे राहिलो. टोचणाऱ्या मुलीने सवयीने विचारलं, "आजोबा, कुठला हात?" अण्णा इतके खूश झाले की माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, विचारलं!" आणि उजवा पुढे केला. डाव्याचं काम आधी झालं होतं, म्हणाले.

घरी आईने एकच प्रश्न केला, "मग इतके महिने काय केलंत?" अण्णा म्हणाले, "नाही म्हणायची मुभा नव्हती ना. ती मिळाल्यावर नाही म्हणण्यात काही राहिलं नाही." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? म्हणजे चूक आपलीच!" पण त्या रात्री तिने अंथरूण पोटमाळ्यावरून खाली ओढलं आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

आनंद फार टिकला नाही. बसमध्ये बसल्यावर मी बोटांवर हिशेब केला. दोन डोसांमध्ये तेव्हा जवळजवळ तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागत होतं. लग्न त्याच्या कितीतरी आधी होतं. म्हणजे अण्णांनी लस घेतली होती, मनापासून घेतली होती, आणि तरी नातीच्या लग्नात ते खिडकीबाहेरच राहणार होते. मी पुढच्या स्टॉपवर उतरून परत चाळीत गेले. अण्णांना हे आधीच ठाऊक होतं. नियम त्यांच्याच सहीने झाला होता.

कमिटीतली पोरं सज्जन. त्यांनी लगेच सभा बोलावली आणि ठराव आणला की अध्यक्षांना खास सवलत द्यावी. सगळ्या अंगणाने हात वर केले. मीही केला, सभासद नसताना. अण्णा उभे राहिले. "सवलत घेता येणार नाही. परवा यांना त्यांच्या आईच्या दिवशी बाहेर बसवलंय." त्यांनी चमचेवाल्या गृहस्थांकडे बोट केलं. "त्यांना बाहेर आणि मला आत, असं होणार नाही. मी नाही म्हणालो ते माझ्या मर्जीने. मग त्याचं जे होईल ते माझंच." आणि खाली बसले. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला आणि गळा धरावासाही वाटला. माझी मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. तिने शब्द दिला होता, परत विचारायचं नाही.

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. आई उभी राहिली होती. सगळा जन्म सभांची टिंगल करण्यात गेलेली माझी आई, चाळीच्या सभेत एकदाही न बोललेली.

"मला एक मांडायचंय," ती म्हणाली. "यांना आत घ्यायचं नाही ना? नका घेऊ. बसू देत बाहेर. लग्न फिरवा. स्टेज त्या खिडकीला लावा आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडं खिडकीकडे करा. दार तुमचं राहू द्या दाराच्या जागी. सूचक मी."

मग तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अनुमोदन."

अण्णांनी विचारायचं होतं, कोणाची हरकत. ते आईकडे बघत होते. आई आपली पदर सारखा करत होती. शेवटी त्यांनी विचारलं, आणि हरकत कोणाची असणार?

लग्नाच्या दिवशी आमच्या व्याह्यांना काही समजेना. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी वऱ्हाडाच्या पाठी दिसत होत्या. स्टेज खिडकीला खेटून, गजांना झेंडूच्या माळा, आणि पलीकडे बोळात, इस्त्रीच्या कोटात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा. माईक गजांतून बाहेर दिला होता. मध्येच तळमजल्यावरची एक बाई बादली घेऊन आली, तिने वधूवरांना बघितलं, बादली खाली ठेवली आणि तिथेच हात जोडून उभी राहिली.

अण्णांनी नवऱ्यामुलाला विचारलं. त्याला आधीच सगळ्यांनी पढवलं होतं, त्याने घाई केली नाही. मग ते माझ्या मुलीकडे वळले. "तुझी मनापासून संमती आहे ना?"

आणि थांबले.

ती काही बोलेना. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. माझ्या विहीणबाईंनी रुमाल काढला. मलाही घाम फुटला, आणि इतक्या लग्नांतल्या दोन्हीकडच्या आया आठवून मला त्यांची दया आली. माझी मुलगी गजांतून आजोबांकडे बघत म्हणाली, "विचार करून सांगते."

सगळा हॉल हसला. अण्णा हसले नाहीत. ते खरोखरच थांबले, त्या जुन्या चेहऱ्याने, काहीही उत्तर आलं तरी चालेल अशा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन मास्कमध्ये मुरत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

"आहे, आजोबा," ती म्हणाली. "मनापासून आहे."

अण्णांनी प्रतिज्ञेची पहिली ओळ सुरू केली. आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. इतक्या लग्नांत पाठ झालेली ओळ. आई स्टेजवर चढली, गजांतून पाण्याचा ग्लास बाहेर दिला आणि त्यांच्या उजव्या दंडावर हात ठेवून, माईक चालू आहे हे विसरून म्हणाली, "घाई नको. सावकाश वाचा. आम्ही थांबतो."